व्हीगन पाहुणे उत्तनला नेताना

भाईंदरजवळचं उत्तन म्हणजे बोंबील. पावसाळा सरला की चौक, पाली भागात बांबूंच्या मांडणीवर जबड्यात जबडा अडकवून तो वाळत घातलेला दिसतो. अशा गावात मांस-मासळीच नव्हे, तर अंडी, दूध आणि मधही न खाणाऱ्यांची सहल काढायची म्हटल्यावर लोक हसणारच. पण ती नीट जमते. मात्र आखणी पंचांगापासून सुरू करायची.

किनाऱ्यावर फिरायचं तर ओहोटी हवी. कोकणात चालत आलेला ढोबळ हिशोब असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. द्वितीयेला दुपारी दीडच्या सुमारास भरती, म्हणजे त्याआधी सहा तास, सकाळी साडेसातच्या आसपास ओहोटी. तृतीयेला ती पाऊण तास पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या या दोन तिथींना पाणी लांबवर हटतं, म्हणून सकाळच्या फेरीसाठी त्या उत्तम. तरी निघण्याआधी छापील वेळापत्रक बघावंच.

भाईंदर पश्चिमेहून पालिकेची बस मुर्धा, राई, मोर्वा करत उत्तनला जाते. वाटेतली मिठागरं हा या सहलीचा खरा पहिला घास. उधाणाचं पाणी आत घेऊन कोंडतात, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत उन्हात आटवतात आणि शेवटच्या उथळ वाफ्यात मीठ धरतं. बांध अरुंद असतात, त्यावरून ओळीनेच चालावं लागतं. माणसं दहाच्या आत ठेवायची ती म्हणूनच. मोठा घोळका आला की शेकाट्या आणि तुतारी आधीच उडून जातात. शेजारच्या खाडीत तिवरं आहेत. मुळांतून आलेलं जादा मीठ तिवराचं पान बाहेर टाकतं. पानाच्या मागच्या बाजूला जीभ लावली की ते कळतं. मिठागरात जे काम ऊन करतं, त्याच्या जवळचं काहीतरी हे झाड पानात करतं.

आता स्वयंपाक. इथे अडचण मासळीची नसते, मासळी डोळ्यांना दिसते. अडतं ते तूप, ताक आणि सुकटीपाशी. भाजीत चवीपुरता सुका जवळा टाकणं किनाऱ्यावर इतकं सवयीचं, की ‘शाकाहारी’ सांगूनही तो पडू शकतो. आणि शाकाहारी म्हटलं की भातावर तूप येतंच. म्हणून गावात जेवण करून देणाऱ्या बाईंना ‘व्हीगन’ हा शब्द ऐकवण्यापेक्षा काय नको ते एकेक करून सांगावं: जवळा नको, तूप नको, दही-ताक नको, अंडं नको, तळणीचं तेल वेगळं हवं.

उरतं ते भरपूर आहे. तांदळाची भाकरी, सोलकढी, वालाचं बिरडं. वाल भिजवून, मोड आणून, सोलून घ्यायचे. नारळाचं दुसरं, पातळ दूध शिजताना घालायचं आणि पहिलं घट्ट दूध आच मंद करून शेवटी, नाहीतर ते फुटतं. बाजारच्या पाकिटांवरील व्हीगन खुणेसाठी केंद्राचे नियम 2022 साली आले. नारळाच्या दुधाला त्यांची वाट बघावी लागली नाही. इथल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांतला बाटली मसालाही चालतो, तो भाजीत बेधडक वापरा. त्यांच्या फुग्यांची, म्हणजे तळलेल्या पावांची, मात्र चौकशी करा, पिठात अंडं असू शकतं.

पुन्हा फिरण्याकडे. उत्तनच्या धावगी डोंगरावर शहराचा कचरा जातो. तो टाळून फक्त समुद्र दाखवणं मला पटत नाही. चौक भागातले धारावी किल्ल्याचे अवशेष वेळ उरला तर बघावेत. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत या किल्ल्यासाठी लढाया झाल्या.

हंगाम कुठला? चालायला हिवाळा, यात वाद नाही. पण खायला जुलै. तेव्हा मिठागरं बुडालेली असतात, किनाऱ्यावर जाणं धोक्याचं असतं. पण टाकळा, कुर्डू, करटोली बाजारात येतात. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असल्याने कोळी घरांत पैशाची चणचण असते. त्या दिवसांत जेवण गावातल्याच एखाद्या घरी सांगा, आणि पैसे आगाऊ द्या.