‘थांब’ म्हटल्यावर काय होते?

घोडबंदर रस्ता, जुना आग्रा रोड आणि पूर्व द्रुतगती महामार्ग जिथे भेटतात, त्या ठाण्याच्या माजिवडा नाक्याभोवती जुने गावठाण आणि उंच टॉवर शेजारी शेजारी उभे आहेत. टॉवरमध्ये दोघांचाच संसार असलेली जोडपी पुष्कळ. घरात वडीलधारे नाहीत, विचारायला कोणी नाही आणि हातात मोबाइल आहे. त्या मोबाइलवरच ‘डॉमिनंट’ आणि ‘सबमिसिव्ह’ हे शब्द भेटतात. एकाने हुकूम द्यायचा, दुसऱ्याने तो मानायचा, आणि हे दोघांनी ठरवून, आवडीने करायचे, अशा संबंधांसाठी ते वापरले जातात. मराठीत त्याला वर्चस्व-समर्पणाचे नाते म्हणता येईल. हात बांधणे, शिक्षा, हलका मार अशा गोष्टीही काही जणांच्या नात्यात असतात. या सगळ्याला मिळून ‘बीडीएसएम’ असे आखूड नाव आहे.

डॉक्टरांपुढे हा विषय आला तर बहुधा तीन प्रश्नांच्या रूपाने येतो. पुरुष विचारतो, ‘बायकोने मला हुकूम सोडावेत असे वाटते, माझ्यात काही बिघाड आहे का?’ बाई विचारते, ‘मी शिकले, कमावते, तरी एकांतात मला झुकायला आवडते. मग माझ्या स्वाभिमानाचे काय?’ आणि तिसरा प्रश्न असा, ‘नवरा म्हणतो, तू सबमिसिव्ह आहेस, तुला हे आवडलेच पाहिजे. ते खरे आहे का?’ पहिल्या दोन प्रश्नांना दिलासा पुरतो. तिसऱ्या प्रश्नाला सावध कानांची गरज आहे.

हा आजार आहे का?

१८८६ साली क्राफ्ट-एबिंग या मनोविकारतज्ज्ञाने लैंगिक वर्तनावरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. मार्की द साद आणि साखर-माझोख या दोन लेखकांच्या नावांवरून आलेले ‘सॅडिझम’ आणि ‘मॅसोकिझम’ हे शब्द त्याच ग्रंथामुळे वैद्यकात रुजले. पुढची शंभर वर्षे वैद्यकाने या आवडींकडे विकृती म्हणूनच पाहिले. वर्चस्व हा पुरुषाचा स्वभाव आणि समर्पण हा स्त्रीचा, ही समजूतही त्याच काळात शास्त्राच्या नावाने पक्की झाली.

आता चित्र बदलले आहे. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या वर्गीकरणानुसार वेगळी आवड असणे हा आपोआप आजार ठरत नाही. त्या आवडीमुळे त्या व्यक्तीला स्वतःला मोठा त्रास होत असेल किंवा तिचे रोजचे जगणे बिघडत असेल, किंवा संमती नसलेल्या माणसाला इजा होत असेल, तर तो आजार. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या ‘आयसीडी-११’ या आजारांच्या यादीतून परस्परसंमतीचे असे वर्तन वगळले. यादीत उरला तो जबरदस्तीने दुसऱ्याला पीडा देण्याचा विकार.

ऑस्ट्रेलियात २००१-०२ मध्ये १९,३०७ जणांचे सर्वेक्षण झाले. लैंगिकदृष्ट्या सक्रिय असलेल्यांपैकी १.८ टक्के लोकांनी आदल्या वर्षात असे काही केल्याचे सांगितले. पूर्वी लैंगिक जबरदस्ती सोसावी लागल्याचे प्रमाण त्यांच्यात इतरांहून जास्त आढळले नाही, आणि ते इतरांपेक्षा अधिक दुःखी असल्याचेही दिसले नाही. तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. बिघाड नाही.

आधी बोलणी, मग भूमिका

पाश्चात्त्य देशांत असे नाते जपणाऱ्यांचे समुदाय गेली काही दशके उघडपणे एकत्र येतात. न्यूयॉर्कमधल्या एका गटाने १९८३ च्या सुमारास ‘सुरक्षित, शहाणपणाचे आणि संमतीचे’ हे सूत्र मांडले आणि ते जगभर पसरले. भारतातही ‘किंकी कलेक्टिव्ह’ नावाच्या गटाने या विषयावर उघडपणे बोलताना संमतीलाच मध्यभागी ठेवले आहे.

या समुदायांचा शिरस्ता असा. काय चालेल, काय अजिबात चालणार नाही, कोणता आजार आहे, कुठे दुखते, हे आधी बसून बोलायचे. एक ‘सेफवर्ड’ ठरवायचा. तो उच्चारला की जे चालले असेल ते त्या क्षणी थांबते. तोंडाने बोलता येणार नसेल तर हाताची खूण ठरवायची. नंतर एकमेकांजवळ बसून, पाणी पिऊन, कसे वाटले ते बोलायचे. हुकूम देणारा कितीही रुबाबात असला तरी खेळ थांबवायची किल्ली हुकूम मानणाऱ्याच्या हातात राहते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. ठरलेल्या वेळेपुरते, ठरलेल्या माणसापुढे, कधीही परत घेता येईल असे झुकणे म्हणजे स्वाभिमान गहाण टाकणे नव्हे. सकाळी तीच बाई घराचा हप्ता कोणत्या बँकेतून घ्यायचा हे ठरवत असेल आणि तिच्या शब्दाला घरात वजन असेल, तर तिचा मान शाबूत आहे.

मालक आणि ताटाखालचे मांजर

मात्र हे समुदाय स्त्री-पुरुष भूमिकांच्या सावलीतून पूर्ण सुटलेले नाहीत. नेदरलँड्समध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे नाते जपणारे ९०२ जण आणि तुलनेसाठी ४३४ जण होते. मानसिक स्वास्थ्याच्या मोजमापात पहिला गट मागे नव्हता, काही बाबतींत पुढेच होता. पण भूमिका पाहिल्या तर स्त्रियांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश समर्पणाच्या बाजूला होत्या. पुरुषांपैकी जवळजवळ निम्मे वर्चस्वाच्या, तर एक-तृतीयांश समर्पणाच्या बाजूला होते. बाकीचे दोन्ही भूमिका बदलून घेणारे.

या आकड्यांतून दोन गोष्टी दिसतात. झुकण्याची आवड ही बायकांची मक्तेदारी नाही. आणि बायकांनी कोणती भूमिका घ्यावी यावर त्या ज्या समाजात वाढल्या त्याचा ठसा असणार, कारण आवड काही पोकळीत जन्मत नाही.

आपल्याकडे तर हा ठसा भाषेतच आहे. नवऱ्याला ‘मालक’ म्हणण्याची रीत अजून गेलेली नाही. बायकोने ‘अहो’ म्हणायचे आणि नवऱ्याने ‘अगं’, हे अनेक घरांत आजही गृहीत असते. बायकोचे ऐकणारा पुरुष मात्र ‘ताटाखालचे मांजर’ होतो. आवड सांगायला लाजणारे पुरुष त्या मांजराच्या भीतीनेच गप्प राहतात, डॉक्टरांपुढेसुद्धा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली व्यभिचाराचे कलम रद्द करताना पती हा पत्नीचा मालक नाही, असे स्पष्ट केले. घरोघरी ते पोहोचायला वेळ लागेल.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) लोकांना सात कारणे सांगून विचारले गेले, यांपैकी कशासाठी नवऱ्याने बायकोला मारणे योग्य आहे? स्वयंपाक नीट न करणे, उलट बोलणे, शरीरसंबंधाला नकार देणे ही त्यांतलीच. देशातल्या ४५ टक्के स्त्रियांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी निदान एका कारणाला होकार दिला. त्याच सर्वेक्षणात १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्क्यांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले. महाराष्ट्रात हे प्रमाण साधारण चौघींमागे एक असे आहे. या घरांत सेफवर्ड नसतो. बाईची संमती लग्नाच्या मांडवात एकदाच घेतली असे समजले जाते.

नव्या शब्दात जुनीच दांडगाई

म्हणून तिसरा प्रश्न गंभीर आहे. ‘तू सबमिसिव्ह आहेस’ हे दुसऱ्याने ठरवायचे नसते. जुन्या दांडगाईला नवा इंग्रजी शब्द मिळाला की ती आधुनिक वाटू लागते, एवढेच. फरक ओळखण्यासाठी काही साधे प्रश्न पुरतात.

‘थांब’ म्हटल्यावर समोरचा लगेच थांबतो का? थांबल्यावर रुसवा, अबोला, टोमणे, पैसे बंद करणे असे काही होते का? काल होकार दिला होता म्हणून आज नकार चालत नाही, असे आहे का? पगार, मोबाइलचा पासवर्ड, माहेरी फोन, मैत्रिणींना भेटणे यांवर परवानगी लागते का? दारू पाजून किंवा झोपेत काही केले जाते का? फोटो-व्हिडिओ काढून ते दाखवण्याची धमकी असते का? आणि सर्वांत महत्त्वाचे, त्या माणसाची भीती वाटते का?

नात्यातली शिक्षा संपली की दोघे हसून चहा पितात, तिथे चिंता नसावी. शिक्षा संपली तरी बाई किंवा पुरुष दिवसभर पावलांचा कानोसा घेत राहतो, तिथे नात्याचे नाव काहीही असो, तो छळ आहे.

शरीराच्या मर्यादा

संमती असली तरी शरीराचे नियम बदलत नाहीत. सर्वांत धोक्याची गोष्ट म्हणजे गळा दाबणे. मानेतल्या मुख्य रक्तवाहिन्यांवर दाब पडला की साधारण १० सेकंदांत शुद्ध हरपू शकते आणि त्यानंतर काही मिनिटांत मृत्यू येऊ शकतो. शुद्ध हरपलेला माणूस सेफवर्ड उच्चारू शकत नाही. गळा दाबण्याची कोणतीही सुरक्षित पद्धत नाही. मानेवर वळ नसले तरी आत रक्तवाहिनीला चीर पडलेली असू शकते आणि त्यातून काही तासांनी किंवा दिवसांनी पक्षाघात होऊ शकतो. आवाज बसणे, गिळताना दुखणे, डोळ्यांत लाल ठिपके, तीव्र डोकेदुखी, एका बाजूला अशक्तपणा यांपैकी काही दिसले तर थेट रुग्णालय गाठावे.

दोरीने हात घट्ट बांधल्यास दंडाजवळची मज्जातंतू दाबली जाते आणि मनगट लुळे पडू शकते. मुंग्या आल्या किंवा बोटे थंड पडली की दोरी ताबडतोब सोडावी. कात्री हाताशी असावी. बांधलेल्या माणसाला एकटे सोडू नये. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या, मधुमेह, अपस्मार, गर्भारपण असेल तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. डोके, मान, पोट आणि कंबरेचा मूत्रपिंडाजवळचा भाग यांवर मार नकोच.

कायद्याचीही चौकट आहे. १८ वर्षांखालील व्यक्तीच्या संमतीला अर्थ नाही. सज्ञान व्यक्तीने होकार दिला तरी, जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होण्याची शक्यता माहीत असूनही केलेल्या कृतीला तो होकार बचाव ठरत नाही. विवाहांतर्गत बलात्काराला गुन्ह्यातून दिलेली सूट १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही राहिली आहे. मात्र २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा लैंगिक छळालाही लागू होतो आणि लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्या स्त्रियांनाही संरक्षण देतो.

बोलायचे कोणाशी?

या विषयावर मराठीत बोलण्याची परंपरा नवी नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. स्त्रीलाही लैंगिक सुखाची इच्छा असते आणि तिचा त्यावर हक्क आहे, हे ते ठामपणे मांडत राहिले. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला, तेव्हा त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. प्रश्न विचारणे हा गुन्हा नाही, हे त्या काळात सांगावे लागले आणि आजही सांगावे लागते.

डॉक्टरांनीही कान तयार ठेवायला हवेत. अंगावर वळ दिसले तर सोबत आलेल्या माणसाला बाहेर बसवून, आवाज न चढवता, ‘हे कसे झाले? तुमच्या मर्जीने झाले का? घरी सुरक्षित वाटते का?’ एवढे विचारावे. मर्जीने झाले असेल तर प्रवचन नको, सुरक्षिततेची माहिती द्यावी. मर्जीने नसेल तर नोंद, उपचार आणि मदत. मुंबई महापालिकेच्या वांद्र्यातील भाभा रुग्णालयात ‘सेहत’ संस्थेबरोबर या शतकाच्या सुरुवातीस सुरू झालेल्या ‘दिलासा’ केंद्राने दाखवून दिले, की सरकारी रुग्णालयातली एक खोली आणि प्रशिक्षित समुपदेशक एवढ्यावर अत्याचार सोसणाऱ्या बाईला मोठा आधार मिळू शकतो.

मदत हवी असेल त्या स्त्रियांसाठी १८१ हा हेल्पलाइन क्रमांक आहे. जिवाला धोका वाटत असल्यास ११२. मनावर ताण असेल, स्वतःच्या आवडीविषयी अपराधी वाटत असेल, तर ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर स्त्री-पुरुष कोणीही मराठीत बोलू शकते. माजिवड्याच्या टॉवरमधूनही हा फोन लागतो आणि शेजारच्या गावठाणातूनही. फोन लागल्यावर पहिले वाक्य जुळत नसेल, तर एवढे सांगितले तरी पुरते, ‘मी थांब म्हणते, पण तो थांबत नाही.’