300 टँकर आणि चिमूटभर मीठ!

भाईंदरची मिठागरं पाहिलीस ना? चल, तिथलं एक ग्रॅम मीठ घेऊ. म्हणजे जेमतेम दोन-तीन चिमटी!

आता सोसायटीत येतो तसा 10 हजार लिटरचा पाण्याचा टँकर बोलाव. एक नाही रे बाबा, 300! सगळ्या पाण्यात ते मीठ ढवळ. एक घोट पी. खारट लागलं?

छे! जिभेला पत्ताच नाही!

आता गंमत ऐक. सकाळी उपाशीपोटी तुझ्या रक्तात इन्सुलिन असतं, तेही जवळपास इतकंच विरळ!

हे इन्सुलिन कोण? शरीरातले शिपाईकाका! शाळेत ते नोटीस घेऊन वर्गावर्गात फिरतात ना, तसंच. तू वडापाव खाल्लास की रक्तात साखर वाढते. मग पोटातलं स्वादुपिंड इन्सुलिनला धाडतं : “साखर आलीय, आत घ्या!” असे निरोप्ये म्हणजे संप्रेरकं, म्हणजेच हार्मोन्स.

पण इतके थोडे शिपाईकाका मोजायचे कसे? ओळख पाहू!

उजेडानं!

आपल्या जवळच, पवईच्या आयआयटीत, शास्त्रज्ञांनी एक भन्नाट युक्ती केली. 2009 साली ती जगापुढे मांडली. त्यांनी ऑप्टिकल फायबर घेतला. म्हणजे उजेड वाहून नेणारा बारीक धागा. आणि तो चक्क वाकवला, आईच्या केसांतल्या आकड्यासारखा!

का बरं? रिक्षा गर्रकन वळली की आपण बाहेर झुकतो ना? वळणावर उजेडही धाग्याबाहेर थोडासा डोकावतो!

तिथे धाग्याला चिकटवलेत सोन्याचे कण. इतके चिमुकले, की ते पिवळे नाहीत, लाल दिसतात! हो, लाल सोनं!

त्या कणांवर बसतात ‘पकडू’. कबड्डीतल्यासारखे! पण प्रत्येक पकडू फक्त आपलाच गडी धरतो, दुसऱ्याला हातही लावत नाही. गडी सापडला की सोनं थोडा जास्त उजेड गिळतं. धाग्याच्या दुसऱ्या टोकाला उजेड मंदावतो. जितके गडी जास्त, तितका उजेड कमी. झाली मोजणी!

पवईत तेव्हा रक्तातलं दुसरंच एक प्रथिन पकडलं होतं. हार्मोन हवं? मग पकडू बदला! पण 300 टँकरांतलं मीठ हुडकायचं, तर सापळा आणखी तल्लख हवा. जगभरचे शास्त्रज्ञ त्याच खटपटीत आहेत.

तू काय करशील? धाग्याचं वेटोळं? की नागमोडी वळणं? काढ बरं चित्र!