ऑफिस टाइम: पाणी कमी, ऊन भरपूर आणि एक फांदी शेजारी

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. लोकलमध्ये मध्येच रेंज गेली तर इथे वाचा.)

आज एका कबुलीने सुरुवात करतो. मी आजीचं झाड मारलं. तेही पाणी घालून.

लालबागला आमच्या चाळीत, गॅलरीच्या कठड्याजवळ, तेलाच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात आजीचं 'ऑफिस टाइम' होतं. तुम्ही ते नक्की पाहिलंय. सुईसारखी पण गुबगुबीत पानं, डब्याच्या काठावरून खाली लोंबणाऱ्या लालसर फांद्या आणि त्यांच्या टोकांना राणी, पिवळी, केशरी, पांढरी फुलं. कुणी त्याला चिनी गुलाब म्हणतं. आमच्याकडे पहाटे तासभर नळ यायचा. तेवढ्यात पिण्याचं, अंघोळीचं, धुण्याचं सगळं भागवायचं. झाडाला मिळायचं ते तांदूळ धुतलेलं पाणी, तेही आजीला आठवलं तर. तरी डबा वर्षानुवर्षं फुलत राहिला.

मग चाळ रिडेव्हलपमेंटला गेली. आजी कोकणात गावी, आम्ही भाड्याच्या फ्लॅटमध्ये आणि डबा माझ्या ताब्यात. इथे चोवीस तास पाणी! मी रोज सकाळी प्रेमाने मगभर पाणी घालायला लागलो. तीन आठवड्यांत फांद्या बुडाशी काळ्या आणि मऊ पडल्या. मला वाटलं, पाणी कमी पडतंय. अजून घातलं. खेळ खल्लास.

आजीला फोन केला तर ती म्हणाली, "मेल्या, रोज पाणी घातलंस? ते काय तान्हं पोर आहे, रोज न्हाऊ घालायला?"

तर आजचा भाग याच झाडावर. ते पाण्याशिवाय जगतं कसं, मुंबईत मरतं कसं आणि एका फांदीतून परत उभं कसं करायचं.

नाव 'ऑफिस टाइम' का?

शास्त्रीय नाव पोर्टुलाका ग्रँडिफ्लोरा. मूळ गाव दक्षिण अमेरिका: अर्जेंटिना, उरुग्वे आणि ब्राझीलचा दक्षिण भाग. १८२९ साली विल्यम हूकर या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचं शास्त्रीय वर्णन छापलं. नाव मात्र आपण आपल्या पद्धतीने ठेवलं. ऊन चढलं की नऊ-दहाच्या सुमाराला फुलं उघडतात आणि दुपार कलली की मिटतात. म्हणजे माणसं फोर्टातल्या ऑफिसात टेकतात, तेव्हा यांची हजेरी लागते. एकेकाळी गिरणीच्या भोंग्यावर चालणाऱ्या परळ-लालबागमध्ये हे एकटंच ऑफिसच्या वेळेवर!

एक फूल एकच दिवस टिकतं. दुसऱ्या दिवशी नवी कळी. ढग आले की फुलं उघडतच नाहीत, त्या दिवशी सरळ सुट्टी. त्यामुळे जुलैत "माझं झाड फुलत का नाही?" असा मेसेज टाकण्याआधी वर आभाळाकडे बघा.

एक गंमत करून पाहा. उमललेल्या फुलातल्या पुंकेसरांना काडीने हलकेच स्पर्श करा. ते हलतात! मधमाशी येऊन बसली की तिला पराग चिकटायला त्याची मदत होते.

पाण्याविना जगतं कसं?

आपली घोळीची भाजी माहितेय ना? ऑफिस टाइम तिचंच चुलत भावंडं. (भाजी घोळीचीच करा, याची नको.) दोघांचीही पानं मांसल, म्हणजे पाण्याची छोटी पिंपंच.

पण खरी करामत वेगळी आहे. झाडाला अन्न बनवायला हवेतला कार्बन डायऑक्साइड लागतो. तो घ्यायला पानांवरची बारीक छिद्रं उघडावी लागतात आणि ती दिवसा उघडली की पाणी उडून जातं. एरवी ही झाडं मका-उसासारखी पद्धत वापरतात. ती कडक उन्हात झटपट काम करते. पण पाण्याची टंचाई झाली की ती जोडीला निवडुंगाची युक्ती काढतात: छिद्रं रात्री उघडायची, वायू आम्लाच्या रूपात साठवायचा आणि दिवसा दारं लावून त्याचं अन्न करायचं. या दोन्ही पद्धती पानातल्या एकाच पेशीत एकत्र चालतात, हे २०२२ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी घोळीवर दाखवून दिलं.

म्हणजे तहान लागली तर हे झाड स्वतःचं बघून घेतं. मुळांशी साचलेल्या पाण्यावर मात्र त्याच्याकडे काही उपाय नाही. माती सतत ओली राहिली की मुळांना हवा मिळत नाही, बुरशी धरते आणि झाड बुडापासून कुजतं. मुंबईत हे झाड तहानेने फारसं मरत नाही. ते मरतं आपल्या लाडाने, नाहीतर पावसाने.

लावायचं कसं?

*ऊन:* हीच मुख्य अट. रोज निदान पाच-सहा तास थेट ऊन हवं. गिरगावातल्या अरुंद गल्लीत किंवा समोर टॉवर उभा राहिलाय अशा ठिकाणी आधी घड्याळ लावून ऊन मोजा. दोन तासच येत असेल तर पानं वाढतील, फांद्या लांबुडक्या होतील, फुलं नाहीत. तिथे दुसरं झाड लावा, याचा हट्ट नको.

*कुंडी:* खोल नको, पसरट हवी. मुळं वरवरच असतात, सहा इंच खोली पुष्कळ झाली. जुना डबा, परात, काहीही चालेल, पण तळाला भोकं पाहिजेतच. ग्रिलमध्ये ठेवणार असाल तर कुंडी तारेने बांधा. खालून माणसं जातात.

*माती:* नर्सरीतली नुसती लाल माती पावसात चिकट गोळा होते. दोन भाग माती, एक भाग जाड रेती आणि एक भाग विटांचा बारीक चुरा घ्या. शेणखत एक मूठ, बस. खत जास्त झालं की नुसता पाला वाढतो.

*पाणी:* मातीत बोट दुसऱ्या पेरापर्यंत घाला. कोरडं लागलं तरच पाणी, आणि तेव्हा खालून निथळेपर्यंत. ओलं लागलं तर मग खाली ठेवा. पानं किंचित सुरकुतली की समजायचं, आता त्याला तहान लागलीय.

फांद्यांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून काढा.

एका फांदीचं झाड

बियाही असतात, धुळीएवढ्या. फळाला झाकण असतं, ते डबीसारखं उघडतं आणि बिया सांडतात. त्या मातीत पुरायच्या नाहीत, वरच भुरभुरायच्या, कारण रुजायला उजेड लागतो. पण बियांपासून तोच रंग येईल याचा भरवसा नाही. हुबेहूब तेच फूल हवं असेल तर फांदी लावा.

१. निरोगी फांदीचा तीन-चार इंचांचा शेंडा कापा.
२. खालची पानं आणि सगळ्या कळ्या काढा. जीव होतो, पण काढा. नाहीतर ताकद मुळांऐवजी फुलांत जाते.
३. फांदी काही तास सावलीत ठेवा. कापलेली जागा सुकली की कुजण्याची भीती कमी होते.
४. इंचभर मातीत खोचा, थोडंसं पाणी द्या. एका डब्यात सात-आठ फांद्या लावल्या की डबा लवकर भरतो.
५. तीन-चार दिवस उजेडात पण कडक उन्हाबाहेर, मग उन्हात.

साधारण दोन आठवड्यांत मुळं धरतात. हलकेच ओढून फांदी अडली की समजा, जमलं. मग शेंडे खुडत राहा, म्हणजे झाड उंच न जाता पसरतं.

आणि पावसाळा?

जून ते सप्टेंबरमध्ये मुंबईत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. उघड्यावरचा डबा त्यात टिकेलच असं नाही. म्हणून मे संपायच्या आत पाच-सहा फांद्या वेगळ्या छोट्या कुंडीत लावून छज्जाखाली ठेवा. चार महिने फुलांची अपेक्षा नको, फक्त जीव राखायचा. ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं की त्याच फांद्यांचे शेंडे कापून नवीन डबा भरायचा. हे दरवर्षी केलं तर झाड हातचं जात नाही.

माझ्या झाडाचं काय झालं? चाळीत आमच्यापासून तिसऱ्या खोलीतल्या काकू आता डोंबिवलीला राहतात. त्यांनी कधीतरी आजीकडून एक फांदी नेली होती. गेल्या ऑक्टोबरात त्यांच्याकडून चार फांद्या कोऱ्या टिफिनमध्ये घालून आणल्या. चारातल्या तीन लागल्या. नव्या वर्षात पहिलं राणी रंगाचं फूल आलं, सकाळी पावणेदहाला.

आजीला फोटो पाठवला. तिने फोन करून एकच विचारलं, "चांगलं आलंय. फांदी कुणाला दिलीस?"

तेव्हा कळलं, तिचा डबा नेमका कशामुळे वाचला होता. आता एक कुंडी माझ्याकडे आहे आणि एक समोरच्या फ्लॅटमध्ये. नव्या बिल्डिंगमध्ये राहायला जाऊ तेव्हा माझी गेली असली तरी त्यांच्याकडून आणता येईल.

तुमच्या गॅलरीत ऑफिस टाइम असेल तर या आठवड्यात एक फांदी शेजारी द्या. नसेल तर शेजारी मागा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा आणि मग जरा खाली ठेवा!