सुलतान बाजारातील विद्यार्थी आणि वार्धक्याची प्रयोगशाळा : एक मागोवा

हैदराबादेतील रेसिडेन्सी बाजार १९३३ साली ब्रिटिशांकडून निजामाकडे परत आला आणि सुलतान बाजार झाला, तोवर दरबारी निर्बंधांची झळ तेथे कमी पोहोचत असल्यामुळे तो परिसर शिक्षणसंस्थांचे आश्रयस्थान बनलेला होता. केशवराव कोरटकरांच्या पिढीने उभारलेली विवेकवर्धिनी याच भागात वाढली, तर १९४९ साली खुद्द रेसिडेन्सीच्या वास्तूत उस्मानिया विद्यापीठाचे महिला महाविद्यालय आले. जवळच कोठीला असलेल्या उस्मानिया वैद्यकीय महाविद्यालयाचे मूळ १८४६ च्या हैदराबाद मेडिकल स्कूलमध्ये आहे. क्लोरोफॉर्ममुळे येणारा मृत्यू श्वास बंद पडल्याने होतो की हृदय बंद पडल्याने, हे ठरवण्यासाठी त्या स्कूलचे प्रमुख एडवर्ड लॉरी यांनी १८८८ आणि १८८९ साली दोन आयोग नेमून प्राण्यांवर प्रयोग केले, आणि त्याच काळात तेथे शिकणाऱ्या रूपाबाई फर्दुनजी पुढे जगातील आद्य महिला भूलतज्ज्ञांमध्ये गणल्या गेल्या. लॉरी यांचा निष्कर्ष नंतर टिकला नाही, हा भाग वेगळा. अध्यापन आणि संशोधन तेव्हा एकाच छपराखाली चालत होते, हे येथे महत्त्वाचे.

स्वातंत्र्यानंतर ही दोन कामे एकमेकांपासून दुरावली. कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळा डॉ. व्ही. एन. पटवर्धन संचालक असताना १९५८ साली हैदराबादेत तार्नाक्याला आल्या आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. १९७४ साली स्थापन झालेले हैदराबाद विद्यापीठ पुढे शहराच्या पार पश्चिमेला गच्चीबावलीला गेले, आणि १९७७ साली पेशीय व रेण्वीय जीवविज्ञान केंद्र, म्हणजेच सीसीएमबी, सुरू झाले. कोठीच्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळा हवी तर आता अर्ज करावा लागे. १९७९ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने वैद्यकीय पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी अल्पकालीन विद्यार्थीवृत्ती सुरू केली, तेव्हा त्या अर्जाला प्रथमच देशव्यापी चौकट मिळाली. मात्र तिची मुदत दोन महिन्यांची होती.

वार्धक्याच्या अभ्यासाला ही मुदत फार आखूड पडते. प्रयोगशाळेतील पांढरा उंदीर दोन वर्षांचा झाल्यावर म्हातारा समजला जातो आणि सुमारे तीन वर्षे जगतो. कमी उष्मांकाच्या आहाराने उंदरांचे आयुष्य वाढते हे कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके यांनी १९३५ साली दाखवले, तेही त्यांची पूर्ण आयुष्ये मोजूनच. त्यामुळे दोन महिन्यांसाठी आलेल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला एखाद्या चालू प्रकल्पाचा तुकडाच येणार, हे ओघानेच आले.

असा तुकडाही किती मोलाचा असू शकतो, याची कल्पना हैदराबाद विद्यापीठात कल्लूरी सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेत झालेल्या कामावरून येते. चेतापेशी सहसा विभागत नाहीत, त्यामुळे त्यांच्यातील डीएनएला झालेली इजा जागच्या जागी दुरुस्त करणे त्यांना भाग असते. ही दुरुस्ती वयानुसार मंदावते का, हे पाहण्यासाठी कोवळ्या, प्रौढ आणि म्हाताऱ्या उंदरांच्या मेंदूतील चेतापेशींचा अर्क काढून, मुद्दाम फट ठेवलेला डीएनएचा तुकडा त्यात सोडला जाई आणि ती फट कितपत बुजते हे मोजले जाई. म्हाताऱ्या उंदरांच्या अर्कात ती नीट बुजत नसे; परंतु पॉलिमरेज बीटा, म्हणजे फटीत नवे घटक बसवणारे विकर, आणि लायगेज, म्हणजे टोके सांधणारे विकर, ही दोन्ही बाहेरून घातल्यावर दुरुस्तीची क्षमता परत येई, असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात दिसते. प्राणी आधीच म्हातारा झालेला असेल, तर अशी एखादी चाचणी काही आठवड्यांत शिकता येते आणि तिचे उत्तर डोळ्यांना दिसते.

मूलभूत विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना १९९९ च्या किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजनेने आणि २००८ च्या इन्स्पायरने उन्हाळी प्रकल्पाची वाट खुली करून दिली. इन्स्पायरच्या वार्षिक ८०,००० रुपयांपैकी २०,००० रुपये त्यासाठीच राखून ठेवलेले असत. या योजनांनी निवडक गुणवंतांची सोय केली, महाविद्यालयांची नव्हे, हे नोंदवणे भाग आहे. पुण्यात याच्या उलट घडले. जिवाणूंमध्ये वार्धक्य अटळ नसून परिस्थितीनुसार स्वीकारलेला पर्याय असू शकतो, असे मांडणारा मिलिंद वाटवे आणि सहकाऱ्यांचा निबंध २००६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला, तो आबासाहेब गरवारे महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागातून. जिवाणूची पिढी अर्ध्या तासाच्या आसपास उलटते, त्यामुळे काळाची अडचण तेथे मुळातच राहत नाही. दोन-तीन आठवडे जगणारा सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स हा सूत्रकृमीही पदवीच्या वर्गाला तितकाच सोयीचा ठरतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली आखलेल्या चार वर्षांच्या पदवीत, पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी संशोधन प्रकल्प करता येतो. दोन महिन्यांच्या जागी वर्ष मिळाले, तरी उंदराचे म्हातारपण त्यात बसत नाही. त्यासाठी विद्यार्थी दाखल होण्यापूर्वी दोन वर्षे कोणीतरी उंदीर पोसत राहिले पाहिजेत, आणि असे प्राणिगृह चालवण्याचा खर्च कोठीच्या महाविद्यालयांना न परवडणारा असल्याने तार्नाक्याचा फेरा पुढील विद्यार्थ्यांनाही चुकणार नाही.