अणुवीजकेंद्रातील उपकरणांची पर्यावरणीय पात्रता

अणुभट्टीजवळच्या केबल, मोटारी, झडपा आणि दाबमापके एरवी चालतात, एवढे पुरेसे नसते. शीतकाची नळी फुटली, तर तप्त वाफ, वाढता दाब आणि किरणोत्सार यांच्या माऱ्यातही त्यांतील सुरक्षेची उपकरणे चाललीच पाहिजेत. याची आधीच खात्री करणे म्हणजे पर्यावरणीय पात्रता. पालघर जिल्ह्यातील तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ सालच्या. अशा दीर्घ सेवेत केबलचे आवरण कडक होऊन तडकू शकते. त्यामुळे कोऱ्या नमुन्याची परीक्षा फसवी ठरते. नमुना आधी भट्टीत तापवून आणि कोबाल्ट-६०च्या गॅमा किरणांत ठेवून कृत्रिमरीत्या म्हातारा करतात. मग वाफेच्या बंद पात्रात, वीजप्रवाह चालू ठेवून, तपासतात. पात्रतेला मुदत असते. ती संपण्यापूर्वी उपकरण बदलतात किंवा मुदतवाढ चाचण्यांनी सिद्ध करतात.