मोडातला जिवाणू साधा की घातक?

बेळगाव-निपाणीकडे मटकीची उसळ घरोघरी होते. ओल्या फडक्यातल्या उबेत मोड येतात. ती ऊब ई-कोलाय जिवाणूलाही मानवते. एरवी तो आपल्या आतड्यात निरुपद्रवी राहतो. मग त्याचा घातक भाऊबंद ओळखायचा कसा? सूक्ष्मदर्शकाखाली दोघे सारखेच, फरक जनुकांत. ‘एसटीएक्स’ जनुक असलेला जिवाणू शिगा विष बनवतो. त्याने रक्ताचे जुलाब होतात, मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात. पीसीआर चाचणी जाड वहीतल्या एकाच पानाच्या झेरॉक्स काढाव्यात, तशा नेमक्या त्याच जनुकाच्या प्रती काढते. जनुकच नसेल, तर प्रती निघत नाहीत. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांतून असा जिवाणू पसरला आणि ५०हून अधिक माणसे दगावली. त्याच्यात ‘एसटीएक्स’चा ‘एसटीएक्स-२’ हा प्रकार सापडला. उसळ नीट शिजवली, की हा जिवाणू मरतो.