माळव्याच्या मातीतला शेणाचा हिशेब

1924 साली इंदूरला ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ उभी राहिली, तेव्हा शेजारच्या धार आणि देवासमध्ये पवारांचं राज्य होतं. माती मात्र सगळीकडे एकच, उन्हाळ्यात भेगाळणारी माळव्याची काळी. संचालक अल्बर्ट हॉवर्ड आले कापसासाठी आणि गुंतले खतात. अडचण घरोघरची होती: शेणाच्या गोवऱ्या होऊन चुलीत जात, शेताला उरे थोडंच. मग आहे त्या शेणात अधिक खत कसं करायचं?

उत्तर शोधायला यशवंत वाड सोबतीला होते. पऱ्हाट्या रस्त्यावर पसरायच्या, म्हणजे गाड्यांच्या चाकांखाली चिरडतात. मग 30 फूट लांब, 14 फूट रुंद खड्ड्यात काडीकचरा, गोठ्यातली मूत मुरलेली माती, राख आणि वर शेणकाला. तीनदा उलथापालथ केली की तीन महिन्यांत खत तयार. दोघांचं पुस्तक 1931 साली निघालं. 1935 मध्ये गांधीजींनी इंदूरला येऊन हे काम पाहिलं. ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली, वाडांचं नाव मात्र मागे पडलं.

खत तीन महिन्यांत होतं. जमिनीत त्याचं काय होतं हे कळायला पिढ्या लागतात. इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेड संशोधन केंद्रातल्या एका वाफ्याला 1852 ते 1871 शेणखत दिलं आणि थांबवलं. शंभर वर्षं उलटून गेली तरी तिथल्या मातीत सेंद्रिय अंश शेजारच्या वाफ्यापेक्षा जास्तच भरला. जबलपूरच्या काळ्या जमिनीत 1972 पासून सोयाबीन-गव्हावर दीर्घ मुदतीचा प्रयोग चालला. रासायनिक खताला शेणखताची जोड मिळालेल्या वाफ्यांत सेंद्रिय कर्ब सर्वाधिक राहिला.

कुरणाचं गणित आणखी वेगळं. तिथे शेण कुणी पसरत नाही, ते पडेल तिथे पडतं. शेणाच्या पोच्या खालचं गवत पिवळं पडून मरतं, कडेचं गर्द हिरवं वाढतं, पण गुरं बराच काळ त्याला तोंड लावत नाहीत. पावसाळ्यात शेणकिडे हा पो खाली ओढून नेतात. उन्हाळ्यात तो वाळून खडखडीत होतो, नत्राचा काही भाग हवेत जातो आणि उरलेल्याला वाळवी लागते. एका वर्षात कुरणाचा थोडाच भाग असा शेणाखाली येतो. म्हणून एकदोन हंगामांच्या मोजणीत फरक ठिपक्याठिपक्यांनीच दिसतो.

आता बैलांची जागा ट्रॅक्टरने घेतली आणि गोठ्यातलं शेण आटलं. हॉवर्ड-वाडांची कृती मुळात शेण कमी आणि काडीकचरा जास्त असलेल्या शेतकऱ्यासाठीच होती. आज धार-देवासचा सोयाबीनवाला नेमका तिथेच उभा आहे.